चार चाकांच्या बैलावरनं मॉर्गनांची कुळी

हेळवी पायी आला तर त्याला कुणी हेळवी म्हणत नाही. तो बैलावर बसून येतो. कमरेखाली वाकळ गुंडाळलेली, जणू पायच नाहीत. दारात बैल थांबवायचा, घंटा वाजवायची आणि वर बसूनच त्या घराची कुळी सांगायला लागायचं: तुमचं मूळ गाव कुठलं, ते सोडायची पाळी का आली, कुळाचा देव कोण, मग बापाचा बाप, त्याचा बाप, अशी सगळी उतरंड. घरातल्या वडीलधाऱ्याला पटलं की तो आतून जोंधळा आणून सुपात ओततो. पाय म्हणाल तर चांगले धडधाकट असतात. जत तालुक्यातल्या बोरनाळचा सिद्राम हेळवी जत्रेत कुस्ती मारून यायचा आणि दुसऱ्या दिवशी बैलावर चढला की लंगडा. रीत म्हणजे रीत.

त्या सिद्रामाची थोरली लेक बेबी. बैलाचं शेपूट धरून बापामागं हिंडली, आणि हिंडता हिंडता गावंच्या गावं तिला पाठ झाली. धाकटा भाऊ बाबूराव बैलावर बसायला लागला तेव्हा एका पाटलाच्या दारात तो मधल्याच पिढीला अडकला. बेबीनं मागून नाव पुरवलं. पाटलानं सूपभर जोंधळा घातला, आणि घरी आल्यावर बापानं बेबीला दोन ठेवून दिल्या. "बाईनं कुळी उचारायची न्हाई. उचारली तर दान पडत न्हाई, आन दान पडलं न्हाई तर कुळी खोटी पडती." दान तर पडलंय की, असं बेबीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण गाल हुळहुळत होता, म्हणून ती भाकरी थापायला बसली. ती गोष्ट मात्र दातात अडकलेल्या सुपारीसारखी जन्मभर जिभेला लागत राहिली.

आणि आता सासष्टाव्या वर्षी ही बेबी सिंगापुरात, चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर राहत होती. लेक प्रताप इंजिनियर. सून मीनल पुण्याची, युनिव्हर्सिटीत डासांवर संशोधन करते. सासू बोरनाळकडच्या बायकांसारखी "मी जेवलो, मी निजतो" म्हणते हे ऐकून मीनल पहिल्या वर्षी दचकायची. आता तीच कधीमधी फोनवर आपल्या आईला "मी आलो गं" म्हणून जाते आणि जीभ चावते.

बेबीला इथं सगळं होतं, फक्त माणसाला "तुमचं गाव कुठलं?" विचारायची सोय नव्हती. लिफ्टमधली माणसं लिफ्टच्या आकड्यांकडं बघतात. मग तिला शेजारची डोरीन सापडली.

डोरीन मॉर्गन सत्तरीची, युरेशियन. रंग बेबीपेक्षा एक कणभर उजळ, डोळे मलाक्काकडचे, नाव गोऱ्यांचं. लहानपणी शेजारपाजार तमिळ होता, त्यामुळं तिला मोडकीतोडकी तमिळ यायची. बेबीला सीमेवरची कानडी. दोघी त्या दोन भाषांच्या मधल्या बांधावर बसून गप्पा मारायच्या. जिथं बांध संपायचा तिथं मीनलला हाक. डोरीनच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, म्हणून तिच्याकडं बॅटरीवर चालणारी, चार चाकांची तांबडी स्कूटर होती. तिला पुढं टोपली, मागं झेंडा आणि हँडलला घंटी. बेबीनं ती पहिल्यांदा बघितली तेव्हाच मान तिरकी करून म्हणाली होती, "जनावर बरं हाय. वशिंड न्हाई एवढंच."

एका सकाळी डोरीननं बेबीला घरात बोलावून भिंतीवरचा एक मोठा कागद दाखवला. त्यावर झाड काढलेलं, झाडाला नावं लटकलेली. सगळ्या मॉर्गनांचा मेळावा भरणार होता, तोआ पायोहला, एका कम्युनिटी हॉलमध्ये. पर्थहून येणार, पिनांगहून येणार, आणि थेट वेल्सहून मूळ घरचा एक जण येणार. या साऱ्यांचा मूळ पुरुष एव्हन मॉर्गन. पावणेदोनशे वर्षांमागं वेल्स सोडून इथं आला, जायफळाची बाग लावली, मलाक्काची रोझा केली आणि पसरला. हे झाड काढलं होतं पर्थच्या ट्रेव्हरनं. एव्हनच्या वंशात तोच सगळ्यांत वडील.

बेबीनं झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मीनलला म्हणाली, "इचार तिला, मूळ गाव कंचं?"

डोरीन म्हणाली, "वेल्स."

"त्यो मुलूख झाला. गाव?"

डोरीनला ठाऊक नव्हतं.

"गाव का सोडलं?"

डोरीन म्हणाली, ट्रेव्हर लिहितो की साहस करायला.

"साहस कराया कोण गाव सोडतंय?" बेबी उसळली. "दुष्काळ पडतो, भाऊबंदकी व्हती, खून पडतो, मग गाव सुटतं. साहस म्हनं! बरं, कुळाचा देव कोण?"

आता डोरीन झाडाच्या फांद्यांत देव शोधायला लागली. बेबीनं कागदावर पालथी मूठ आपटली. "मग ही कुळी न्हवं, आक्का. ही नुसती हजेरी झाली."

मीनलनं हे जमेल तितकं गोड करून इंग्रजीत सांगितलं. डोरीन रागवायची सोडून टुणकन सरळ बसली. जेवण आणि लकी ड्रॉ यांच्यामध्ये तिच्याकडं एक जागा रिकामी होती. गाणारा भाचा ऐन वेळी नाही म्हणाला होता. "मग तू सांग लाह, बेबी," ती इथल्या रितीनं वाक्याला 'लाह' चिकटवत म्हणाली. "तुझ्या पद्धतीनं. सगळ्यांसमोर."

त्या दिवशी बेबीनं भाजीत दोनदा मीठ टाकलं आणि आमटीत टाकलंच नाही.

संध्याकाळी बोरनाळला फोन लावला. बाबूराव आता एम-एटी फटफटीवरून कुळ्या सांगत हिंडायचा. बैल कधीच विकला होता, पण रीत त्याच्या तोंडात शाबूत होती.

"आक्का, याड लागलं का काय तुला? बाई माणूस तू!"

"हितं कोण बघाया बसलंय?"

"दान बघतंय की! बाईनं उचारली तर दान पडत न्हाई. ती गोरी माणसं टाळ्या वाजीवतील, न्हाई म्हणत न्हाई. पर टाळी काय दान न्हवं. घरच्या वडीलधाऱ्यानं, सवताच्या हातानं, कच्चं धान्य सुपात ओताय पायजे. ओतलं तर कुळी खरी, आन तू हेळवी."

"आन ओतलं तर तू काय करशील?"

"बैलावर बसून कुळी सांगितलीस आन दान घेतलंस, तर मी समद्या भावकीत सांगीन, आक्का हेळवी हाय म्हून. पर बैल कुठला आणतीस तितं? हॅ हॅ हॅ!"

बेबीनं खिडकीतून खाली बघितलं. डोरीन तांबड्या स्कूटरवरून कोंबडीभात घेऊन येत होती, झेंडा फडफडत होता.

"बैल हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग घरात नुसता धुरळा उठला. बेबीनं डोरीनला एकेका मॉर्गनाला फोन लावायला लावले. पिनांगचा कोण, त्याची आई कुठली, पर्थला पहिला कोण गेला, का गेला. मीनल मधे दुभाषी. लिहून काहीच घ्यायचं नाही. ऐकलं की बेबी जात्यावर दळल्यासारखी पुटपुटत सुटायची. पोळ्या लाटताना मॉर्गन, कपडे वाळत घालताना मॉर्गन. प्रताप ऑफिसातून आला की दारातच विचारायचा, "आज कितव्या पिढीला जेवायचं?"

वरच्या पिढ्या मात्र एव्हनपाशी थांबत होत्या. त्याच्या मागं ट्रेव्हरलाही जाता आलं नव्हतं. शेवटी बेबी म्हणाली, ज्या घरातनं माणूस गेला त्या घराला विचारा की. वेल्सचा जो येणार होता तो ग्विलिम, एव्हनच्या भावाच्या वंशातला, तीच जमीन कसणारा. मेळाव्याच्या ग्रुपवर त्याचा नंबर होता, आणि कुणी त्याला विमानाच्या वेळेपलीकडं काही विचारलंच नव्हतं.

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर आधी एक मेंढी आली, मग तिला ढकलून ऐंशीच्या घरातला एक लालबुंद म्हातारा. बेबी खुलली. "जनावरं किती?" हा तिचा पहिला प्रश्न. त्या उत्तरावर दोघं बराच वेळ बोलले, मेंढीच्या खुराच्या रोगावर तर फारच. मीनलची इंग्रजी खुरापाशी संपली.

मग कामाचं. गावाचं नाव कळलं, शेतावरूनच पडलेलं: पांतग्लास, म्हणजे हिरवी घळ. एव्हनचा बाप मॉर्गन रीस. त्याचा बाप रीस डेव्हिड. तेव्हा तिकडं आडनाव असं नव्हतंच. पुढं आपलं नाव, मागं बापाचं. एव्हन बोटीतून उतरला आणि बापाचं नाव कायमचं आडनाव होऊन बसलं. बेबीनं मांडीवर थाप मारली. "म्हंजी आपल्यावानीच की रं!"

"आता इचार, गाव का सोडलं?"

ग्विलिम हसायला लागला तो थांबेचना. शेवटी मेंढीला धरून त्यानं सांगितलं. तेव्हा तिकडं शेतात घालायला चुना आणायचा तर गाडीला वाटेत नाक्यामागून नाके, आणि प्रत्येक नाक्यावर जकात. शेतकरी पिचला. मग रात्री बाप्ये बायकांचे झगे घालायचे, तोंडाला काजळी फासायची आणि कुऱ्हाडी घेऊन नाका फोडायला निघायचे. एक म्होरक्या पुढं असायचा, आंधळ्या म्हातारीसारखा चाचपडत. तो म्हणायचा, "लेकरांनो, मला काहीतरी आडवं आलंय गं, पुढं जाता येईना." बाकीचे ओरडायचे, "फोडून टाकू, आई!" आणि घाव पडायचे. एव्हननं आपल्या आईचा तांबडा झगा घातला होता. तोंड काळं, अंधार दाट, कुणाची ओळख लागायचं कारण नाही. पण नाक्यावरची बाई त्याच गावची शिंपीण. तिनं माणूस नाही ओळखला, झगा ओळखला. तिनंच शिवला होता. एव्हन तसाच पळाला, झग्यासकट, बंदरापर्यंत.

"आमच्या घरात अजून म्हण आहे," ग्विलिम म्हणाला. "कुणी वस्तू नेली आणि परत केली नाही, की म्हणायचं, गेली एव्हनच्या झग्यामागं."

मीनल हसून लोळायची बाकी होती. पण बेबी हसत नव्हती. ती हळूच उठली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"आई, काय झालं?"

"कुळाचा देव घावला." बेबीचा आवाज खाली आला होता. "दाढीमिशीचा बाप्या, अंगावर बाईचं कापड, आन समदी त्येला आई म्हणत्यात. अगं मीनल, आणखी कोण असंल? सौंदत्तीची यल्लम्माच की! तिचं जोगते असंच न्हवं का!"

"आई! ते आंदोलन होतं. वेष बदलायला घालायचे झगे."

"आंदोलनात आई येत न्हाई व्हय?"

"वेल्समध्ये यल्लम्मा नाही हो."

"तू गेलीस व्हय बघाया?"

"अहो, गूगलवर..."

"यल्लम्मा काय गूगलला इचारून जाती व्हय? इचार त्येला, तुमच्या कुळाचा देव कोण?"

ग्विलिम म्हणाला, आम्ही चॅपलमध्ये जातो.

"ते आत्ताचं. त्याच्या आदी?"

ग्विलिमनं डोकं खाजवलं. त्याआधीचं आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणाला.

"मी इचारतो न्हवं का," बेबी म्हणाली. तिथं विषय मिटला.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी ट्रेव्हर पर्थहून आला आणि डोरीनकडं चहाला बसला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ताठ, पांढराशुभ्र शर्ट. जन्मभर दातांचा डॉक्टर. बेबीची ओळख करून दिली तेव्हा ती तोंड भरून हसली, आणि तिचे मिश्रीनं काळेभोर झालेले दात बघून त्याच्या कपातला चहा बशीत आला. तरी माणूस सभ्य. पण डोरीननं झग्याची गोष्ट काढली आणि त्यानं बशी खाली ठेवली. त्यानं छापून आणलेल्या पुस्तिकेवर सिंहाचं चिन्ह होतं. आत लिहिलं होतं, एव्हन मॉर्गन, सुखवस्तू घराण्यातील धाकटे चिरंजीव.

"माझा पूर्वज," तो म्हणाला, "परकर घालून पळालेला नाही."

"त्याच्या भावाच्या घरचे सांगतात लाह," डोरीन म्हणाली.

"मेंढ्या राखणारे काय वाटेल ते सांगतात. बाईंना बोलू दे. पण परकर नको."

तो गेल्यावर डोरीन हातापाया पडली. बेबी, एवढा झगा तेवढा काढ. बाकी सगळं राहू दे. आणि बेबीला आता नीट कळून चुकलं, कुठं पाय अडकलाय. दान ओतायचं ते घरच्या वडीलधाऱ्यानं, आणि वडीलधारा हाच. झगा सांगितला तर हा ओतणार नाही. नाही सांगितला तर ओतेल, कौतुकानं ओतेल, आणि भावकीत तिचं नाव हेळवी म्हणून लागेल.

रात्रभर तिनं कूस बदलली. सकाळी मीनलनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "मग, आई? काय ठरलं?"

"झगा काढला तर कुळी उघडी पडती," बेबी म्हणाली. "पत्ती जरा जास्त टाक."

लिटिल इंडियात जाऊन सूप आणलं. प्लॅस्टिकची सुपं ढीगभर होती, बेबीनं दुकानदाराला पार माळ्यावर चढवून वेताचं काढायला लावलं. भंडाऱ्यासाठी हळद घेतली. घंटा देवळातल्या पूजेची. वाकळ मिळेना, तेव्हा प्रतापच्या पलंगावरची चौकटीची रजई.

रविवारी चोआ चू कांगच्या मेट्रो स्टेशनात जे दृश्य शिरलं ते तिथल्या माणसांनी मोबाईल खाली करून बघितलं. तांबड्या स्कूटरवर हिरव्या इरकलीतली बेबी, कमरेखाली रजई, कपाळावर मळवट, मांडीवर सूप. मागं काठी टेकत डोरीन, शेजारी पिशव्या धरून मीनल आणि प्रताप. गाडीत शिरताना एक चिनी आजोबा लगबगीनं उठून सीट द्यायला लागले. बेबी वरूनच म्हणाली, "बसा बसा, मी बैलावर हाय." मीनलनं त्याचं भाषांतर केलं नाही. हा लाल लाइनचा प्रवास वुडलँड्सला वळसा घालून जातो, लांबचा; बेबी सबंध वाट पिढ्या घोकत होती आणि समोरच्या सीटवरचं एक पोर तिच्या तालावर पाय हलवत होतं.

हॉलमध्ये सत्तर-ऐंशी मॉर्गन. गोरे, सावळे, चिनी डोळ्यांचे, कुरळ्या केसांचे. टेबलांवर करी, रव्याचा केक, अननसाच्या वड्या. कोपऱ्यात लकी ड्रॉची बक्षिसं. जेवणं झाली, आणि डोरीननं माइकवर बेबीचं नाव घेतलं.

बेबी दाराबाहेर तयारच होती. प्रतापनं मोबाईल उंच धरला होता. पडद्यावर बोरनाळचा कट्टा, मधे बाबूराव, भोवती निम्मी भावकी. "त्ये काय गं तांबडं?" बाबूराव ओरडला.

"बैल!"

"शेपूट कुठाय?"

"झेंडा हाय त्येच शेपूट. गप बस आता."

तिनं कळ दाबली. स्कूटर गुर्रर्र करत उंबऱ्यावरून आत आली, घंटा वाजायला लागली, आणि बेबीनं आवाज लावला. बापाचाच आवाज, खालून वर चढणारा, बैलाच्या चालीचा.

"ऐका हो, हिरव्या घळीच्या लेकरांनोऽऽ! मूळ गाव पांतग्लास, मूळ पाणी डोंगराचं, मूळ धन मेंढरांचं. डेव्हिडाचा रीस, रीसाचा मॉर्गन, मॉर्गनाचा एव्हन. चुन्याची गाडी, वाटंला नाका, नाक्याला जकात. लेकरू म्हणलं, खायाचं काय? तवा एव्हनाच्या अंगात आई आली. आईचा तांबडा झगा नेसला, तोंडाला काजळी माखली..."

मीनल ओळीमागं ओळ इंग्रजीत टाकत होती. सुरुवातीला सेमिनारमधल्यासारखी, पण नाक्यावर कुऱ्हाड पडली तेव्हा तीही नाचायच्या बेतात होती.

"शिंपिणीनं टाका वळखला, एव्हन बंदराला पळाला! सात समुद्राचं पाणी झग्यानं पुसलं, सिंगापुरात पाय ठेवला. जायफळ लावलं, जायफळाला रोग पडला, बाग वाळली. तवा मलाक्काच्या रोझानं अननसाच्या वड्या करून इकल्या आन घर जगीवलं. कुळी त्येची आन हिचीबी! कुळाची देवी सौंदत्तीची यल्लम्माऽऽ!"

आणि तिथून पुढं पर्थची फांदी, पिनांगची फांदी, सिंगापूरची फांदी, एक नाव न चुकता. आपलं नाव आलं की एकेक जण खुर्चीत दचकत होता. संपवताना तिनं मूठभर भंडारा उधळला. पंख्यानं तो झेलला आणि सगळाच्या सगळा नेऊन ट्रेव्हरच्या पांढऱ्या शर्टावर घातला.

ट्रेव्हर छातीवरच्या पिवळ्याकडं बघत होता. बेबीनं सूप त्याच्यापुढं धरलं.

तेवढ्यात मागच्या टेबलावर ग्विलिम उभा राहिला. कोट झटकला, घसा खाकरला.

"हे सगळं खरं आहे," तो म्हणाला. "आणि मी एवढ्या लांबून आलोय तो झगा परत न्यायला."

मग जो हशा फुटला त्यानं बोरनाळच्या कट्ट्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. पिनांगचे लोक टेबलं बडवत होते. बेबीनं "यल्लम्माच्या नावानं" म्हटलं, मीनल ओरडली "उदो!", आणि सत्तर-ऐंशी मॉर्गन, चॅपलवाला ग्विलिम धरून, "उदो लाह!" म्हणून ओरडले.

सूप फिरायला लागलं आणि भरायलाही लागलं. अननसाच्या वड्या, केकचे तुकडे, पैशांची लाल पाकिटं, कुणीतरी चुकून मोटारीची किल्लीही टाकली. बेबी एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत होती.

"पाकीट न्हाई. शिजलेलं न्हाई. कच्चं धान्य. आन वडीलधाऱ्याच्या हातनं."

कच्चं धान्य हॉलमध्ये आणायचं कुठून? आणि वडीलधारा तर ओला रुमाल घेऊन शर्ट चोळत बसला होता. हळद ती, चोळावी तशी पसरते. मोबाईलमधून बाबूरावचा आवाज आला, "म्हणलं व्हतं न्हवं, टाळ्या पडतील म्हून!" बेबीनं रिकामं सूप मांडीवर घेतलं. बाईनं उचारली तर दान पडत नाही. बापाच्या दोन थपडा तिला पुन्हा गालावर जाणवल्या. डोरीननं घाईघाईनं माइक घेतला आणि विषय बदलायचा म्हणून लकी ड्रॉ काढला. तिसरं बक्षीस छत्री, पिनांगला गेलं. दुसरं बक्षीस, तांदळाची पाच किलोची पिशवी...

डोरीननं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. "ट्रेव्हर," ती म्हणाली.

ट्रेव्हर उठला. टाळ्या वाजल्या. पिवळ्या शर्टावर तांदळाची पिशवी लेकरासारखी धरून तो स्टेजवर उभा राहिला आणि आपल्या बायकोकडं बघायला लागला. बायको खालूनच मान हलवत होती. तांदळाचा दाणा ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत. विमानतळावरच काढून घेतात. इथं ठेवावी तर हॉटेलात काय करायची? डोरीननं केकची सुरी पुढं केली.

ट्रेव्हरनं सुरी घेतली. पिशवीचा कोपरा कापला. खाली उतरून स्कूटरपाशी आला आणि सूप भरून खाली सांडेपर्यंत ओतत राहिला. ओतता ओतता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यानं मीनलला काहीतरी विचारलं.

मीनल म्हणाली, "आई, ते विचारतायत, झगा तांबडा म्हणजे कसा? गडद की फिका?"

बेबीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "गडद," ती म्हणाली. "कुंकवावानी. मळ दिसाय नको म्हून."

ट्रेव्हरनं मान डोलावली, ती लक्षात ठेवल्यासारखी.

परतीच्या गाडीत बाबूराव फोनवर भांडायला लागला होता. "आक्का, ही लबाडी हाय! त्येला वजं हलकं करायचं व्हतं. त्यानं काय कुळी पटली म्हून ओतलं न्हाई!"

"आन आपल्याला कुणी कवा चांगलं धान ओतलंय रं?" बेबी सुपातले खडे बघत होती, खडे नव्हतेच, तरी सवयीनं. "पाटील काय घालायचा? किडका जोंधळा. ठेवाय जागा न्हाई म्हून घालायचा. त्येला तू दान म्हणलास न्हवं?"

"त्ये येगळं."

"आन हे बघ. ज्येला कुळी पटत न्हाई, त्यो झग्याचा रंग कशाला इचारंल?"

पलीकडं भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "बाबूमामा, गेलं तुमचं!" आणि पुन्हा हशा. मग बाबूराव कट्ट्यावरून उठून लांब गेल्याचं कळलं. हशा बारीक झाला.

"आक्का," तो हळू आवाजात म्हणाला. "येक इचारू? त्या पाटलाच्या घराकडं उद्या जायाचंय. मधली ती पिढी... नाव कुणाचं गं? आजूनबी त्यातच अडकतंय बघ."

बेबीचे काळे दात सगळेच्या सगळे बाहेर आले. स्कूटरची बॅटरी संपत आल्याचा बीप बीप आवाज चालला होता, डोरीन सीटवर घोरत होती आणि सूपभर तांदूळ सगळ्या डब्याला घमघमत होता.

"फोनवर न्हाई सांगत," ती म्हणाली. "आदी बैल आण."